जंत सामायिक, म्हणून इलाजही सामायिक
(अभ्यासलेख : समुद्रपूर तालुक्यातील गायरान आणि शेळ्यांचे आरोग्य)



पोळा जवळ आला, की समुद्रपूर तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर एक तक्रार ऐकू येते : "बकरी खाते-पिते, पण वाळूनच रायली जी." पाऊस चांगला झालेला असतो, गायरान हिरवेगार असते, झुडपांना नवी पालवी असते, तरीही शेळीच्या बरगड्या दिसू लागतात. ती कळपाच्या मागे पडते. मग एके सकाळी जबड्याखाली मऊ सूज दिसते आणि चार-सहा दिवसांत ती मरते. घरातले लोक म्हणतात, नजर लागली, किंवा पावसाचा गारठा बाधला. पुष्कळदा खरे कारण पोटात असते, आणि ते पोटात आलेले असते त्या हिरव्या गवतातून.

आपल्यापैकी अनेकांनी आदिवासी कुटुंबांना शेळ्या देण्यासाठी मदत केली आहे. म्हणून हा पाठ आपल्यासाठीही आहे. शेळी दिली म्हणजे काम संपले, असे आपल्याला वाटत असेल, तर ते बरोबर नाही. नीट विचार न करता दिलेली शेळी शेजारच्या घरातल्या शेळीलाही घेऊन जाऊ शकते. ते कसे, हे समजून घेऊ या.

शेळी म्हणजे घरातली शिल्लक

समुद्रपूर तालुका वर्धा जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व भागात आहे. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, वायगावची हळद, आणि गिरडच्या टेकड्यांकडे झुडपी जंगल. गोंड आणि इतर आदिवासी कुटुंबांपैकी अनेकांकडे शेती थोडी किंवा मुळीच नाही. मजुरीवर घर चालते. अशा घरात दोन-चार शेळ्या म्हणजे बँकेतली शिल्लक असते. शाळेची फी, दवाखान्याचा खर्च, लग्नकार्य, पेरणीचे बियाणे, यांपैकी काही अंगावर आले की बोकड बाजारात जातो. गाईला जितका चारा लागतो तितका शेळीला लागत नाही, आणि ती बाभूळ, बोर, खैर अशा झुडपांवरही भागवते. याच जिल्ह्यात सेवाग्रामला राहणारे गांधीजी शेळीचे दूध पीत, हे आपण जाणतोच.

विदर्भाची स्वतःची मान्यताप्राप्त शेळीची जात आहे, ती बेरारी. इथल्या उन्हाळ्याला आणि पाल्याला ती सरावलेली आहे. पण सरावलेल्या शेळीलाही जंतांपुढे मर्यादा असते, आणि चार महिन्यांच्या करडाला तर ती फारच कमी असते.

शत्रू कोण आहे

शेळीच्या पोटात अनेक प्रकारचे जंत असतात. पावसाळ्यात सर्वांत जास्त जीव घेणारा एक आहे. शास्त्रात त्याला हिमॉन्कस म्हणतात. तो शेळीच्या चौथ्या पोटात, म्हणजे जिथे खरे पचन सुरू होते तिथे, राहतो. लांबी दोन-तीन सेंटिमीटर, जाडी सुताएवढी. मादीचे शरीर पाहिले तर लाल आणि पांढरा धागा एकत्र पिळून दोरा केल्यासारखे दिसते. त्यातला लाल रंग शेळीच्या रक्ताचा असतो.

एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त घालवतो. हे फार थोडे वाटते. पण 1,000 जंत असले तर दिवसाला 50 मिलिलिटर रक्त जाते. 25 किलोच्या शेळीच्या अंगात एकूण रक्त पावणेदोन लिटरच्या आसपास असते. आता हिशेब करा, ती किती दिवस टिकेल. शेळी नवे रक्त तयार करत राहते, म्हणून काही आठवडे वरून काही दिसत नाही. शक्ती संपली की मात्र ती एकाएकी कोसळते, आणि आपल्याला वाटते की काल तर बरी होती.

या जंताने बहुधा हगवण लागत नाही. लेंड्या घट्टच असतात. म्हणूनच मालक फसतो. हगवण लागली असेल तर दुसरे जंत, करडांमधील कॉक्सिडिया किंवा एखादा साथीचा रोग असू शकतो, आणि तिथे नुसते जंतांचे औषध देऊन भागत नाही. पशुवैद्यकाला दाखवणे हाच मार्ग.

गवताच्या पात्यावरचा प्रवास

आता या जंताचा मार्ग पाहू. मार्ग कळला की तो कुठे अडवायचा, हेही कळते.

पोटातली मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते. अंडी लेंडीबरोबर जमिनीवर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की अंड्यातून अळी निघते, ती लेंडीतच वाढते, आणि आपल्या पावसाळ्यात साधारण आठवड्याभरात शेळीला लागण करण्याजोगी होते. मग ती दवाच्या किंवा पावसाच्या पाण्याच्या पातळ थरातून गवताच्या पात्यावर चढते. फार उंच जात नाही. बहुतेक अळ्या जमिनीपासून दोन इंचांच्या आतच असतात. शेळीने ते गवत खाल्ले की अळी पोटात पोहोचते, आणि सुमारे तीन आठवड्यांनी तिचा अंडी घालणारा जंत होतो.

या मार्गातल्या चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : अळीला ओल लागते. वर्धेच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती गायरानावर टिकत नाही. जून ते ऑक्टोबर हा तिचा हंगाम.

दुसरी : ती खाली असते. गवत जितके आखूड आणि चरून संपलेले, तितकी शेळी जमिनीजवळ तोंड घालते आणि तितक्या जास्त अळ्या खाते. झुडपाचा पाला खाणारी शेळी त्या मानाने सुरक्षित.

तिसरी : सकाळच्या दवात अळ्या पात्यावर चढलेल्या असतात. ऊन चढून दव वाळले की धोका कमी होतो.

चौथी, आणि या पाठातली मुख्य : अंडी कुणाच्या शेळीची आणि अळी कुणाच्या शेळीच्या पोटात, याला गायरानावर काही हद्द नाही.

आखरावरून गायरानाकडे

आपल्याकडे सकाळी जनावरे गावाच्या आखरावर गोळा होतात आणि तिथून चरायला निघतात. आखराभोवती आणि पाणवठ्याभोवती लेंड्या सर्वांत जास्त पडतात, आणि तिथले गवतही सर्वांत आखूड असते. निघताना आणि परतताना उपाशी किंवा रेंगाळणाऱ्या शेळ्या नेमके तेच गवत खातात. मैलभर दूर चांगला पाला असला, तरी दिवसाची निम्मी लागण या दोन ठिकाणी होऊ शकते.

समजा, वस्तीत 20 घरे आहेत आणि मिळून 90 शेळ्या. त्यांपैकी एका घराने दवाखान्यातून औषध आणले आणि आपल्या चार शेळ्यांना पाजले. पुढचे काही दिवस त्या चार शेळ्यांचे पोट साफ. पण दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा त्याच गायरानावर, उरलेल्या 86 शेळ्यांच्या लेंड्यांवर उगवलेले गवत खातात. महिन्याभरात पोट पुन्हा भरते. घरमालक म्हणतो, "औषधात दम नाही." पुढच्या वेळी तो खर्च करत नाही. दोष औषधाचा नव्हता. सामायिक जमिनीवरच्या जंताला एका घराचा इलाज पुरत नाही, एवढेच.

उलट चूकही होते. एखादी संस्था येते, सगळ्या 90 शेळ्यांना दर महिन्याला तेच औषध पाजते, आणि वर्ष-दोन वर्षांनी औषध खरोखरच निकामी होते. कारण असे : हजारो जंतांमध्ये काही थोडे असे असतात, की ज्यांना ते औषध मारू शकत नाही. सर्व शेळ्यांना औषध दिले की साधे जंत मरतात आणि हे चिवट जंत तेवढे उरतात. पुढची सगळी पिढी त्यांचीच. कमी मात्रा दिली तर हे आणखी लवकर घडते. जगभर शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या अनेक देशांत असे घडले आहे, आणि काही ठिकाणी एकापेक्षा जास्त औषधे निरुपयोगी झाली आहेत.

मग करायचे काय? सगळ्यांनी मिळून करायचे, पण आंधळेपणाने नाही.

पापणी पाहून औषध

दक्षिण आफ्रिकेत पशुवैद्यकांनी एक साधी पद्धत तयार केली. तिला फामाचा म्हणतात. शेळीची खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढायची आणि आतला रंग एका तक्त्याशी ताडून पाहायचा. तक्त्यावर पाच रंग असतात. पहिला गडद लाल, पाचवा जवळजवळ पांढरा. पहिले दोन रंग म्हणजे रक्त भरपूर. औषधाची गरज नाही. चौथा आणि पाचवा म्हणजे ताबडतोब औषध. तिसऱ्या रंगाची करडे, गाभण आणि नुकत्या व्यालेल्या शेळ्या, तसेच अशक्त जनावरे यांनाही औषध द्यावे.

पापणी दिवसाच्या उजेडात पाहावी, दोन्ही डोळ्यांची पाहावी, आणि डोळे आलेले असतील तर त्यावर विसंबू नये. घरातली बाई किंवा शाळेत जाणारी मुलगी अर्ध्या तासात ही पद्धत शिकते. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी पाहिले, तर जबड्याखाली सूज येण्याची वाट पाहावी लागत नाही.

या पद्धतीत एक फायदा लपलेला आहे. ज्या धडधाकट शेळ्यांना औषध दिलेले नाही, त्यांच्या पोटात साधे, औषधाला बळी पडणारे जंत शिल्लक राहतात. त्यांची अंडी गायरानावर पडतात आणि चिवट जंतांची संख्या वाढू देत नाहीत. म्हणजे काही जंत मुद्दाम जगू द्यायचे. ऐकायला विचित्र वाटते, पण पुढच्या वर्षीही औषध चालावे यासाठी हाच मार्ग आहे.

औषध देताना

कोणते औषध द्यायचे, हे पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर ठरवतील. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, लेव्हामिसोल, आयव्हरमेक्टिन अशी नावे आपण ऐकतो. त्यांची मात्रा वेगळी, आणि शेळीची मात्रा मेंढीसारखी नसते, कारण शेळीचे शरीर काही औषधे लवकर बाहेर टाकते. शेजाऱ्याच्या मेंढीला दिली तेवढीच शेळीला दिली, तर ती कमी पडू शकते. लेव्हामिसोलची मात्रा मात्र थोडी जास्त झाली तरी शेळीला विषबाधा होऊ शकते, म्हणून अंदाजाने काही देऊ नये. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल टाळतात. औषध दिल्यावर किती दिवस दूध आणि मांस वापरायचे नाही, तेही विचारून घ्यावे.

मात्रा वजनावर असते, आणि नजरेने वजन बहुधा चुकते. लटकता वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि 660 ने भागा. उत्तर किलोमध्ये येते. उदाहरणार्थ, घेर 28 इंच आणि लांबी 26 इंच असेल, तर 28 × 28 × 26 = 20,384; भागिले 660 म्हणजे सुमारे 31 किलो.

औषध पाजताना शेळीचे डोके सरळ ठेवा, आभाळाकडे उचलू नका. नाहीतर औषध फुप्फुसात जाते. तोंडाच्या कडेने, जिभेच्या मागच्या भागावर, हळूहळू सोडा. औषध दिल्यावर दहा ते चौदा दिवसांनी काही शेळ्यांच्या ताज्या लेंड्या स्वच्छ पिशवीत घेऊन त्याच दिवशी तपासायला द्या. अंडी फारशी कमी झाली नसतील, तर औषध चालत नाही, असा संशय घ्यावा.

फार अशक्त शेळीला औषधाबरोबर आहारही हवा. तिला दूरवर हाकलू नका. घरीच थोडी सरकी ढेप, तुरीचे किंवा हरभऱ्याचे कुटार आणि झाडाचा पाला द्या. गेलेले रक्त भरून काढायला प्रथिने लागतात. चांगले खाणारी शेळी तेवढेच जंत अधिक चांगले सोसते.

गावातले जाणते लोक पळसाच्या बिया किंवा कडुलिंब वापरतात. त्यांच्या ज्ञानाची टिंगल करू नये. पळसाच्या बियांचा जंतांवरील उपयोग आयुर्वेदालाही ठाऊक आहे. पण त्याची मात्रा प्रत्येकाची निराळी असते आणि जास्त झाली तर त्रास होतो. म्हणून उपाय कोणताही असो, तपासणी तीच : तीन आठवड्यांनी पापणी पाहा, लेंडी तपासा.

"घोड्याचे जंत मुलांना लागतात का?"

हा प्रश्न वसतिगृहातील मुलांच्या पालकांकडून येतो. फिरत्या मेंढपाळांबरोबर कधी सामान वाहणारी घोडी येतात, आणि ती त्याच गायरानावर चरतात. घोडा शेपटीचे मूळ खांबाला, झाडाला घासत असतो. मुलांनाही रात्री गुदाशी खाज सुटते. दोघांच्या जंताला पिनवर्म हेच नाव असल्याने गोंधळ होतो.

हे दोन वेगळे जंत आहेत. घोड्याचा माणसाला लागत नाही, माणसाचा घोड्याला लागत नाही, आणि शेळीला दोन्ही लागत नाहीत. घोड्याच्या पिनवर्मची मादी शेणात अंडी सोडत नाही. ती आतड्यातून बाहेर येऊन शेपटीखालच्या कातडीवर चिकट, पिवळट थरात अंडी चिकटवते. तीन ते पाच दिवसांत अंडी लागण करण्याजोगी होतात आणि गळून खांबावर, गव्हाणीत, चाऱ्यात पडतात. म्हणून शेणाच्या तपासणीत ती अनेकदा दिसत नाहीत. सकाळी शेपटीखाली पारदर्शक चिकटपट्टी लावून ती काचेवर तपासावी लागते. औषध डॉक्टर देतातच. पण शेपटीखालचा भाग रोज ओल्या कापडाने पुसून ते कापड जाळणे, घासण्याचे खांब आणि गव्हाण धुणे, एका घोड्याचा ब्रश, झूल किंवा दोर दुसऱ्याला न वापरणे, ही अर्धी चिकित्सा आहे. अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंत सुमारे पाच महिने लागतात, तेव्हा एकदा पुसून थांबणे उपयोगाचे नाही.

मुलांच्या बाबतीतही असेच. नखे कापणे, हात धुणे, चादरी गरम पाण्यात धुणे, आणि औषध दोन आठवड्यांनी पुन्हा, तेही एका खोलीतल्या सर्वांना एकाच वेळी.

घोड्याची गोष्ट इथे सांगण्याचे कारण असे, की प्रत्येक जंताचे दार वेगळे असते. घोड्याच्या पिनवर्मला शेपटीखाली अडवायचे, शेळीच्या हिमॉन्कसला गवतावर. दार न ओळखता नुसते औषध दिले, तर पैसे जातात आणि जंत राहतो.

वस्तीने मिळून करायच्या गोष्टी

पुढील कामे एकट्या घराला जमत नाहीत. बैठक घेऊनच ठरवावी लागतात.

1. चराईचे भाग पाडा. गायरान आणि झुडपी जंगलाचे चार-सहा भाग ठरवा. पावसाळ्यात शेळ्यांचा कळप एका भागात चार-पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि तिथे परत यायला महिनाभराहून जास्त अंतर ठेवा. दोन महिने झाले तर आणखी चांगले. तोवर बऱ्याच अळ्या उपाशी मरतात.

2. शेळ्यांच्या मागून गाई-बैल सोडा. शेळीचा हा जंत मोठ्या गुरांमध्ये फारसा टिकत नाही. गुरे त्या अळ्या गवताबरोबर खाऊन टाकतात आणि मैदान साफ होते. आपल्या जिल्ह्याची गवळाऊ जनावरे हे काम फुकट करतील. मात्र शेळ्या आणि मेंढ्या यांचे जंत एकच. मेंढ्यांचा कळप गायरानावर येऊन गेला, तर तो भाग काही आठवडे मोकळा ठेवा. मेंढपाळांशी भांडून काही साधत नाही. कोणता भाग त्यांना आणि कोणता आपल्याला, हे आधी बोलून ठरवता येते.

3. दव वाळल्यावर निघा. ज्यांना मजुरीला जायचे असते त्यांना उशिरा कळप सोडणे जमत नाही. म्हणून पाळी लावा : आज दोन घरे, उद्या दुसरी दोन. निघण्याआधी गोठ्यात थोडा पाला टाकला, तर आखराजवळचे आखूड गवत शेळ्या कमी खातात.

4. चारा जमिनीवर टाकू नका. गव्हाण करा किंवा पाल्याची जुडी उंच बांधा. लेंड्या रोज झाडून उकिरड्याच्या खड्ड्यात टाका आणि झाका. चांगल्या कुजणाऱ्या खताच्या उष्णतेत अंडी मरतात, आणि शेताला खतही मिळते.

5. डबक्याचे पाणी टाळा. नाल्याच्या कडेच्या गोगलगायींतून यकृतातला चपटा कृमी पसरतो. त्यानेही पापणी पांढरी होते आणि जबड्याखाली सूज येते, पण त्याचे औषध वेगळे असते. हौदाचे किंवा हातपंपाचे पाणी पाजणे बरे.

6. वर्षाचे वेळापत्रक ठेवा. मेअखेर, पावसापूर्वी, एकाच आठवड्यात सर्व शेळ्यांची तपासणी : करडे, पाठी, गाभण आणि फिक्या पापण्यांच्या शेळ्यांना औषध, लाल पापण्यांच्या काही तगड्या शेळ्या औषधाविना. पोळ्याच्या आठवड्यात पुन्हा सर्वांची पापणी. बैलांना सजवण्याच्या दिवसांत बकऱ्यांकडेही पाहायचे, हे लक्षात राहते, आणि तान्ह्या पोळ्याला मुलेही उत्साहात असतात. तिसरी तपासणी पाऊस संपल्यावर. मधल्या काळात दर दोन-तीन आठवड्यांनी ज्याने त्याने घरी पाहावे. व्यायच्या सुमारास शेळीतून जंतांची अंडी जास्त पडतात, म्हणून तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

असे निर्णय कुणी घ्यायचे? गायरान असेल तर ग्रामपंचायतीला विश्वासात घ्यावे. जंगलात चराई असेल तर 2006 चा वनहक्क कायदा आठवावा. सामूहिक वनहक्कांत गुरे चारण्याचा हक्क येतो, आणि जंगल सांभाळण्याची जबाबदारी व अधिकार ग्रामसभेकडे येतात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला, तो अनेक वर्षे एकत्र बसून सर्वसंमतीने निर्णय घेण्याच्या सवयीच्या बळावर. चराईच्या पाळ्या ठरवणे ही त्या मानाने लहान गोष्ट आहे. पण सवय तीच लागते.

आपण, जे दान देतो

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. नीतिसूत्रांच्या 27 व्या अध्यायात कळपाच्या स्थितीकडे नीट लक्ष देण्याचा उपदेश आहे. आपण शेळी देतो, तेव्हा तिच्या कळपाची स्थिती पाहतो का?

बाजारातून आणलेली शेळी कुठल्या गावची, तिला कोणती औषधे किती वेळा दिलेली, हे कुणालाच ठाऊक नसते. तिच्या पोटात औषधाला न जुमानणारे जंत असू शकतात. तिला थेट वस्तीच्या कळपात सोडले, तर ते जंत सगळ्यांच्या गायरानावर जातात. दान एका घराला मिळाले आणि नुकसान वीस घरांचे झाले, असे होऊ नये. म्हणून नवी शेळी दोन-तीन आठवडे वेगळी बांधावी, डॉक्टरांकडून तपासून औषध द्यावे, औषधानंतर लेंडी पुन्हा तपासावी, आणि मगच कळपात सोडावी. लसीकरणही याच काळात होऊ शकते.

दुसरे असे, की गायरान तेवढेच आहे. दहा शेळ्या वाढल्या तर गवत आखूड होते, लेंड्या वाढतात, आणि जंत सर्वांचेच वाढतात. काही वस्त्यांत आणखी शेळ्या देण्याऐवजी एक वजनकाटा, पापणीचा तक्ता, पाण्याचा हौद, बांधावर लावायला सुबाभूळ किंवा शेवग्याची रोपे, आणि दोन मुलींचे प्रशिक्षण दिले, तर जास्त जीव वाचतील. अशा मदतीसोबत छापायला करडासह हसणाऱ्या कुटुंबाचे छायाचित्र मिळत नाही, हे खरे. पण पोळ्यानंतर मोजणी केली, तर फरक दिसेल.

शेळ्या कुणाला द्यायच्या हे आपण ठरवतो; त्या कुठे चरतील हे वस्ती ठरवते. म्हणून आधी वस्तीला विचारावे. तिथल्या बायका आणि गुराखी आपल्यापेक्षा जास्त जाणतात : कुठले गवत आखूड झाले, कुठल्या पाणवठ्यावर शेळ्या आजारी पडतात, कुणाची शेळी दरवर्षी वाचते. त्यांचे ज्ञान आणि दवाखान्यातले ज्ञान एकत्र बसवणे, एवढेच आपले काम.

मदत कुठे मिळेल? जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक, सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्र, आणि अधिक तपासणीसाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय.

गटात चर्चेसाठी प्रश्न

1. आपण मदत करत असलेल्या वस्तीत गेल्या पावसाळ्यात किती शेळ्या मेल्या, हे आपल्याला माहीत आहे का? नसेल तर कुणाला विचाराल?

2. एका घराने एकट्याने औषध दिले तर ते का पुरत नाही? आणि सर्वांना दर महिन्याला दिले तर काय होते?

3. आपल्या मंडळीने दिलेल्या मागच्या शेळ्या वेगळ्या बांधून तपासल्या होत्या का?

4. शेळीच्या जंतात आणि मुलांच्या पिनवर्ममध्ये काय फरक आहे? दोन्हींत "सर्वांनी मिळून" हे सूत्र कसे लागू होते?

5. पुढच्या पोळ्याआधी आपण एखाद्या वस्तीबरोबर बसून कोणते एक काम सुरू करू शकतो?

ज्या घरातली एकुलती एक शेळी या पावसाळ्यात गेली, त्या घराची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवा. आणि पुढच्या मेअखेरीस, पहिला पाऊस पडण्याआधी, त्या वस्तीत कुणीतरी शेळीची पापणी खाली ओढून पाहत असेल, एवढी व्यवस्था आतापासून करू या.